नीत्शे, नित्शे, निच्के : एका दुर्मिळ जर्मन आडनावाचं मूळ आणि पसारा

सॅक्सनीतला_सातारकर

मंडळी, जर्मन आडनावांचा अभ्यास असलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे.

लाइपझिगमध्ये आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांचं आडनाव आणि तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यांचं आडनाव ऐकायला एकच. लिहिताना मात्र तत्त्वज्ञांच्या नावात एन नंतर आय-ई येतं, आजींच्या नावात नुसता आय. पुढचं टी-झेड-एस-सी-एच-ई दोघांकडे सारखंच. या धाग्यापुरतं मी आय-ई वाल्यांना 'नीत्शे' आणि आजींच्या नावाला 'नित्शे' लिहितो, म्हणजे घोटाळा होणार नाही.

आजींच्या सासरी दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. एक, आपण त्या तत्त्वज्ञांचे भाऊबंद. दुसरी, आपलं कूळ पोलंडातलं, उमरावाचं. आजोबा आता नाहीत. नातवाला हे कितपत खरं ते शोधायचं आहे आणि त्याच्याबरोबर मीही त्यात गुंतलोय.

विचारायचं असं की हे आडनाव आलं कुठून? आय-ई वालं रूप खरंच इतकं दुर्मिळ आहे का? आणि असलं, तर त्या आडनावाची सगळी माणसं एकाच कुळातली असं धरता येतं का? मला हे शेवटचं पटत नाही. आमच्या गल्लीतल्या बेलच्या पाट्या वाचत गेलं की फ्रित्शे, नित्शे, निच्के, कुंच अशी नावं लागोपाठ सापडतात. सगळ्यांना शेपूट तेच. एवढी माणसं एका कुळातली कशी असतील?

निशिगंधा_०७

वाचतेय. ड्रेस्डेनला होते तेव्हा बेलच्या पाट्या वाचायचा नाद मलाही लागला होता. तिथल्या पोस्टमनचं मला फार कौतुक वाटायचं. एका जिन्यात नित्शे, निच्शे आणि निच्के, आणि तरी प्रत्येकाचं पत्र बरोब्बर त्याच्याच पेटीत!

तर्कटराव

पोलिश म्हणायला हरकत काय? खुद्द नीत्शेंनी 'एक्के होमो' या आत्मचरित्रात आपण अस्सल पोलिश उमराव असल्याचं लिहून ठेवलंय. डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस यांना १८८८ मध्ये पाठवलेल्या पत्रातही तेच, की पूर्वज निएत्स्की नावाचे पोलिश उमराव होते. माणूस भाषाशास्त्राचा प्राध्यापक, चोविसाव्या वर्षी बाझेलच्या विद्यापीठात नेमणूक झालेला. स्वतःच्या आडनावाबद्दल तो उगीच काहीतरी लिहील का?

भाषाभ्रमर

तर्कटराव, उगीच नाही लिहिलं, घरात ऐकलेलं मनापासून मानलं. पण कागद वेगळंच सांगतात. नीत्शेंचे वडील कार्ल लुडविग हे लुत्सेनजवळच्या रोकेन गावचे पाद्री. आजोबा फ्रीडरिश आउगुस्ट लुडविग हे आइलेनबुर्गला चर्चचे सुपरिंटेंडंट. पणजोबा बिब्राला अबकारी खात्यात निरीक्षक. आई फ्रांझिस्का ओलर, तीही पोब्लेसच्या पाद्र्याची मुलगी. सगळी गावं सॅक्सनी-थुरिंगियाच्या पट्ट्यातली. आईच्या माहेरचे माक्स ओलर पुढे वायमारचं नीत्शे आर्काइव्ह सांभाळत होते. त्यांनी ही वंशावळ खणून काढली, तर पूर्वजांमध्ये जर्मन नावाचे लुथेरन लोकच भेटले. पोलिश उमराव काही भेटला नाही.

आता आडनावाबद्दल. हे नाव निकोलाउस या व्यक्तिनावापासून आलं. संत निकोलसचे अवशेष १०८७ मध्ये इटलीत बारीला नेले गेले आणि त्यानंतर त्याची भक्ती युरोपभर पसरली. व्यापारी आणि दर्यावर्दी लोकांचा तो पाठीराखा, त्यामुळे जिथे बाजारपेठ तिथे त्याचं चर्च. धागाकर्त्यांच्या लाइपझिगमधली निकोलाई चर्च बाराव्या शतकातली, म्हणजे शहराच्या वयाचीच. पूर्व जर्मनीतल्या साम्यवादी राजवटीविरुद्ध १९८९ मध्ये दर सोमवारी झालेल्या निदर्शनांची सुरुवात झाली ती हीच.

संत असा घराघरात पोचला की त्याचं नाव मुलांना ठेवलं जाणारच, आणि मोठं नाव घरात तोडून हाक मारली जाणारच. निकोलाउसचे जे तुकडे पडले त्यांची पुढे आडनावं झाली. शेवटाकडून तोडलं तर क्लाउस, क्लास, क्लोझे. सुरुवातीकडून तोडलं तर निकेल, निच, निच्शे. पूर्व जर्मनीत त्याला आणखी 'श्के' लागून निच्के. नीत्शे, नित्शे, निच्शे, निच्के ही सगळी निकोलाउसच्या पोरांची कुटुंबं, पण एका निकोलाउसच्या नव्हे. गावोगावच्या वेगवेगळ्या निकोलाउसच्या. धागाकर्त्यांची शंका बरोबर आहे ती इथेच.

शांत_कोयना

भाषाभ्रमर, मस्त माहिती. पण हे 'श्के' आणि 'त्शे' ऐकायला जर्मन वाटत नाही. स्लाव्ह भाषांमधलं असेल, तर पोलिशवाल्यांच्या बोलण्यात थोडं तरी तथ्य उरतं ना?

भाषाभ्रमर

शांत_कोयना, वळण स्लाव्हच आहे. 'झाले' नावाच्या नदीच्या पूर्वेला बाराव्या-तेराव्या शतकात जर्मन शेतकरी येऊन वसले तेव्हा तिथे सोर्ब हे स्लाव्ह लोक आधीपासून राहत होते. लाइपझिग हे नावही स्लाव्ह, लिंडनच्या झाडावरून पडलेलं. डेलिच, लॉइच, ड्रेस्डेनच्या विमानतळाजवळचं क्लोत्शे, ही गावंही त्यातलीच. शेजारी शेजारी शेतं, एकाच बाजारात जाणं-येणं, सोयरिकी, यातून लाडाने हाक मारायची स्लाव्ह पद्धत जर्मन बोलणाऱ्यांच्या तोंडीही बसली.

पण त्यावरून माणसाचं कूळ काढता येत नाही, आणि याचा चांगला पुरावा म्हणजे धागाकर्त्यांच्या गल्लीतला फ्रित्शे. फ्रीडरिश हे पक्कं जर्मानिक नाव, त्याला हीच शेपटी लागली. कुंच हा कोनराडचा. जर्मन नाव आणि स्लाव्ह वळणाचा प्रत्यय एका माणसाच्या आडनावात सुखाने नांदतात. त्याचे पूर्वज सोर्ब असतील, फ्रांकेनहून आलेले असतील, बहुतेक घरांत दोन्ही असतील. पोलंडचा संबंध तर त्याहून लांबचा, कारण सोर्ब म्हणजे पोलिश नव्हेत. त्यांची भाषा वेगळी आणि ती बाउत्सन नि कोटबुसच्या आसपास अजून बोलली जाते.

पुस्तकपालवी

भाषाभ्रमर यांच्या मुद्द्याला जोडून एक उदाहरण, तेही नीत्शेंच्याच मित्रमंडळातलं. लाइपझिगला शिकत असताना त्यांचा एक मित्र होता एर्न्स्ट विंडिश, पुढे तिथेच संस्कृतचा प्राध्यापक झाला. १८६८ च्या नोव्हेंबरात नीत्शे आणि रिशार्ड वाग्नर यांची पहिली भेट जमली ती याच्याच मार्फत. 'विंडिश' या आडनावाचा अर्थच वेंड, म्हणजे स्लाव्ह. जन्म ड्रेस्डेनचा, शिक्षण जर्मन, आयुष्य जर्मन विद्यापीठात गेलं. आडनावात स्लाव्ह असल्याचं स्पष्ट लिहिलेला हा माणूस जर्मन म्हणून जगला, आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लुथेरन पाद्री तो मित्र मात्र स्वतःला पोलिश म्हणवत राहिला. आडनाव आणि माणूस यांची अशी फारकत मला फार बोलकी वाटते.

अवांतर : नीत्शेंचा दुसरा मित्र पाउल डॉयसन, शुल्फोर्टाच्या शाळेपासूनचा. वेदान्ताचा हा मोठा अभ्यासक १८९२-९३ मध्ये भारतात आला आणि २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे त्याने वेदान्तावर व्याख्यान दिलं. एकाच माणसाचे दोन वर्गमित्र संस्कृतकडे वळले!

गोदाकाठ

अवांतर सुरूच झालंय तर विचारून घेतो. आपल्याकडे येऊन गेलेल्या जर्मन पंडितांच्या आडनावांचं काय? डेक्कन कॉलेजचे कीलहॉर्न, त्यांच्याआधी पुण्यात असलेले हाउग?

भाषाभ्रमर

गोदाकाठ, मार्टिन हाउग बालिंगेनजवळच्या ओस्टडोर्फचे, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेनमधले. १८५९ ते १८६६ पुण्यात होते. हाउग हे ह्यूगोचं श्वाबेनमधलं रूप. जुना लांब 'ऊ' पुढे 'आउ' झाला, म्हणून हूगचं हाउग. आजही हे आडनाव व्युर्टेम्बेर्गमध्येच दाट आहे. त्यांच्यानंतर आलेले फ्रांझ कीलहॉर्न उत्तरेकडच्या ओस्नाब्र्युकचे. १८६६ ते १८८१ डेक्कन कॉलेजात, पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती तर आजही अभ्यासक वापरतात. 'होर्न' म्हणजे शिंग हे खरं, पण उत्तर जर्मनीत शेताच्या आणि जागांच्या नावांत ते जमिनीच्या पुढे आलेल्या टोकाला म्हणतात. म्हणजे नीत्शे आणि हाउग हे बाप-आजाच्या नावावरून पडले, आणि होर्नवाल्या नावांच्या मागे बहुधा एखादं शेत असतं.

तर्कटराव

विंडिशचं उदाहरण भारी आहे, मान्य. तरी एक मुद्दा राहतो. धागा 'दुर्मिळ' आडनावाचा आहे. निच्के ढिगाने असतील, पण आय-ई वाले नीत्शे मोजकेच. म्युलर किंवा श्मिट असता तर मी काही बोललो नसतो, त्या नावाच्या माणसांत नातं शोधण्यात अर्थ नाही. पण जे आडनाव मूठभर माणसांचं आहे त्यांचं मूळ एक असण्याची शक्यता वाढते की नाही? साधं गणित आहे.

खडू_फळा

तर्कटराव, गणित साधं दिसतं, पण आपण नेमकं काय मोजतोय ते आधी पाहायला हवं.

जर्मनीत आडनावं मोजायची सोय आहे ती मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांवरून. 'डॉइचर फामिलिएननामेनअटलास' हा सात खंडांचा नकाशासंग्रह २००९ ते २०१८ मध्ये निघाला. कोनराड कुंत्से आणि डामारिस न्युब्लिंग हे त्याचे संपादक. त्याचा पाया २००५ सालच्या घरगुती लँडलाइन जोडण्यांचा. माइंत्सच्या अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोश २०१२ पासून चालू आहे, तोही याच साठ्यावर उभा आहे. एक जोडणी म्हणजे एक घर, म्हणून माणसांचा अंदाज काढायला आकडा अडीच-तीनपट करावा लागतो. नव्वदच्या आसपासच्या याद्या वापरल्या तर पूर्व जर्मनीच अर्धी गायब होते, कारण तिथे साम्यवादी राजवटीत घरी फोन असणं ही चैन होती. नित्शेंसारख्या खास सॅक्सनीतल्या आडनावाला याचा सगळ्यात जास्त फटका बसतो.

नकाशाही दोन तऱ्हांनी काढतात. नुसती संख्या दाखवली तर प्रत्येक आडनाव बर्लिनमध्ये 'जास्त' दिसतं, कारण माणसंच तिथे जास्त. लोकसंख्येच्या प्रमाणात काढला की खरं घर दिसतं. नित्शे आणि त्याच्या भावंडांचा असा नकाशा काढला तर रंग सॅक्सनीत आणि लाउसित्समध्ये, म्हणजे बाउत्सन-कोटबुसकडच्या सोर्ब मुलखात, गडद होतो. निच्के बराच पसरलेला दिसतो, कारण सायलेशियामधून (जर्मनमध्ये श्लेझिएन, आता मुख्यतः पोलंडात) १९४५ नंतर हाकलले गेलेले जर्मन पश्चिमेला जिथे जागा मिळाली तिथे वसले. नकाशावर मग त्यांचे ठिपके हॅनोवरपासून बव्हेरियापर्यंत विखुरलेले सापडतात. त्या ठिपक्यांच्या मागे किती घरं उठली असतील, याचा विचार मी नकाशा बघताना दर वेळी करतो.

आता मूळ मुद्दा. नीत्शे दुर्मिळ आहे म्हणजे आय-ई असलेलं ते स्पेलिंग दुर्मिळ आहे. स्पेलिंग पक्कं कधी झालं? प्रशियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. त्याआधी नोंद चर्चच्या वहीत, पाद्री जसा ऐकेल तशी. सख्ख्या भावांची नावं वेगवेगळी लिहिलेली सापडतात, एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याला एक आणि लग्नाला दुसरं असतं. त्या क्षणी वहीत जे होतं ते सरकारी दप्तरात गोठलं. तेव्हा दोन नीत्शे कुटुंबांत काहीच नातं नसू शकतं, आणि एक नीत्शे नि एक निच्शे सख्खे चुलत असू शकतात. स्पेलिंग मोजून नातं मोजलं जात नाही.

तर्कटराव

हा मुद्दा पटला. म्हणजे मोजायचंच असेल तर सगळी भावंडं एकत्र धरून मोजायला हवीत, आणि तशी धरली की आडनाव दुर्मिळ राहतच नाही.

खडू_फळा

अगदी तेच. सॅक्सनीत तर मुळीच राहत नाही.

ऑस्टिनकर

आमच्याकडे टेक्सासमध्येही ही मंडळी पोचली आहेत. ऑस्टिनच्या पूर्वेला सर्बिन म्हणून गाव आहे. १८५४ मध्ये यान किलियान नावाच्या पाद्र्याबरोबर लाउसित्समधले पाचशेहून जास्त सोर्ब 'बेन नेव्हिस' जहाजाने निघाले. वाटेत पटकीने बरेच जण दगावले, उरलेल्यांनी इथे वस्ती केली. त्यांचं सेंट पॉल चर्च आतून बघण्यासारखं आहे. रंगवलेले खांब आणि भिंती, आणि व्यासपीठ थेट वरच्या सज्जात, बसलेल्या माणसाला मान वर करून पाद्र्याकडे बघावं लागतं. आवारात लागूनच दफनभूमी आणि छोटं संग्रहालय. जुन्या थडग्यांवरच्या अक्षरांवर हात फिरवला की जर्मन नि सोर्ब एकमेकांत कसे मिसळले ते कळतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ग्रीन बे पॅकर्सचा रे निच्के मोठा खेळाडू होऊन गेला. त्याचं आडनाव इथले लोक 'निच्की' म्हणतात.

मधुमालती

खडू_फळा यांनी वह्यांचा विषय काढला म्हणून लिहिते. जुन्या नोंदी शोधताना बायकांची नावं हातातून निसटतात, कारण त्यांच्या आडनावाला 'इन' लागायचं. नित्शेची बायको किंवा मुलगी वहीत 'नित्शिन' म्हणून येते. अठराव्या शतकात लाइपझिगमध्ये नाटक मंडळी चालवणारी कारोलिने नॉयबर त्या काळी 'नॉयबरिन' म्हणून ओळखली जायची, आणि लेखिका लुइझे गोटशेड ही 'गोटशेडिन'. शोधयंत्रात पुरुषी रूप टाकलं की अर्धं गाव सापडतच नाही, आणि जे सापडत नाही ते बहुतेक वेळा बायांचं असतं. याचा मला फार राग येतो. वंशावळ म्हणून जे दाखवलं जातं ती बापाची ओळ, बाकीचे सगळे पूर्वज कंसात.

चांगली बातमी अशी की १ मे २०२५ पासून जर्मनीत आडनावांचा नवा कायदा लागू झालाय. नवरा-बायकोला जोडनाव घेता येतं, आणि सोर्ब बायकांना आपल्या भाषेप्रमाणे आडनावाचं स्त्रीरूप अधिकृत कागदांवर लावता येतं. इतकी वर्षं जे घरात बोलायचं आणि सरकारी कागदावर गिळायचं, ते आता कागदावर येईल.

शांत_कोयना

मधुमालतीताई, छान मुद्दा. तत्त्वज्ञ नीत्शेंच्या घरातही नाव पुढे गेलं ते बहिणीच्या जोडनावातच ना? धाकटा भाऊ लहानपणीच गेला, स्वतः नीत्शेंना मूल नव्हतं. एलिझाबेथने मात्र नवऱ्याच्या आडनावापुढे माहेरचं लावलं, फोर्स्टर-नीत्शे.

मधुमालती

हो. पण त्या नावाचं तिने पुढे काय केलं ते वाचलं की वाईट वाटतं. भावाच्या टिपणांत तिने फेरफार केले आणि वायमारच्या आर्काइव्हमध्ये हिटलरचं स्वागत केलं. तो वेगळा धागा होईल. इथे एवढंच की कार्ल लुडविग पाद्र्यांच्या घरची ती शाखा तिच्यापाशी संपली. तेव्हा आजींचे सासरचे लोक भाऊबंद असतील तर ते बरंच मागे जाऊन.

सॅक्सनीतला_सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात मी आणि नातू आजींकडे जाऊन बसलो, त्याबद्दल सांगतो.

आजींनी कपाटातून एक पातळ वही काढली, 'आनेनपास'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९३३ च्या एप्रिलमध्ये नात्झी सरकारने नोकरशाहीतून ज्यूंना काढायचा कायदा केला आणि मग नोकरीसाठी आपण 'आर्य' आहोत हे आजी-आजोबांपर्यंतचे दाखले देऊन सिद्ध करणं आलं. लोक गावोगावच्या पाद्र्यांकडून उतारे मागवायचे आणि या छापील वहीत चिकाटीने भरायचे. आज कुळाचा शोध घेणाऱ्या अनेक जर्मन कुटुंबांची सुरुवात याच वहीपासून होते, आणि ती कशासाठी भरली गेली हे विसरून ती उघडता येत नाही. आजीही म्हणाल्या, "ही वही घरात असावी असं मला कधी वाटलं नाही, पण टाकवलीही नाही."

प्रत्येक पानावर चौकटी, शाईने भरलेल्या, आणि खाली चर्चचा गोल शिक्का. आजोबांच्या वडिलांपासून मागे जाताना १८७६ नंतरचं सगळं 'नित्शे'. त्यांच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या उताऱ्यात झेड गळालेला, म्हणजे निच्शे. आणि त्यामागच्या पिढीत एके ठिकाणी चक्क आय-ई. म्हणजे खडू_फळा म्हणतात ते एकाच घरात, तीन पानांत दिसलं. शिक्के सगळे बाउत्सनकडच्या खेड्यांमधले, माणसं शेतमजूर आणि विणकर. तत्त्वज्ञांचे आजे-पणजे त्याच काळात बिब्रा आणि आइलेनबुर्गला होते. या पिढ्यांत तरी दोन्ही घरांचा कुठे संबंध येत नाही. पोलंडचं नावही नाही, उमरावही नाही.

नातू थोडा हिरमुसला होता. मी त्याला धाग्यातलं विंडिशचं उदाहरण सांगितलं, तर तो आता सोर्ब भाषेच्या वर्गाची चौकशी करतोय. बाउत्सनकडचे विणकर घरी कोणती भाषा बोलत असतील, हा त्याचा नवा प्रश्न.

निशिगंधा_०७

किती सुंदर प्रतिसाद! आजींचं ते वाक्य मनात राहील.

एक मदत करू शकते. आनेनपासमध्ये फक्त उतारे असतात. मूळ वह्या कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या लिपीत आहेत आणि ती मला वाचता येते. मोडीसारखंच आहे, वळण एकदा डोळ्यांत बसलं की शब्द आपोआप सुटतात, तोवर सगळं एका रेघेत वाहिल्यासारखं दिसतं. त्यातला 'ई' आपल्याला 'एन' वाटतो, हे लक्षात ठेवा. नुसता आय की आय-ई, हा तुमचा सगळा प्रश्न त्या एका वळणावर अवलंबून आहे, आणि १९३० च्या दशकात उतारा काढणाऱ्या पाद्र्यानेही तो कसा वाचला कोण जाणे. म्हणून त्या आय-ई वाल्या नोंदीची मूळ पानं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खडू_फळा

निशिगंधाताईंशी सहमत. मूळ पान मागवताना चर्चच्या दप्तरखान्याला आनेनपासमधला गाव, साल आणि नोंद क्रमांक तिन्ही द्या, नुसत्या आडनावावर ते शोधून देत नाहीत. अनेक प्रॉटेस्टंट दप्तरखान्यांच्या वह्या 'आर्शिओन' या साइटवर पैसे भरून बघता येतात, आधी तिथे चाळून बघा.

आणखी एक जागा. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या मृत, जखमी, बेपत्ता अशा याद्या संगणक-वंशावळ मंडळाच्या स्वयंसेवकांनी टंकून ठेवल्या आहेत, लाखोंनी नोंदी आहेत आणि शोध फुकट आहे. तिथे माणसाचं गाव दिलेलं असतं. १९४५ च्या उलथापालथीआधी कोणतं स्पेलिंग कुठे होतं हे टेलिफोनच्या यादीपेक्षा तिथे जास्त नीट दिसतं. शोधताना पूर्ण आडनाव टाकू नका. 'एन-आय' लिहून पुढे तारांकन द्या आणि गावाच्या खान्यात बाउत्सन. जे येतील ते सगळे उतरवून घ्या, झेड असलेले, नसलेले, 'श्के' वाले, सगळे. छाननी नंतर.

सॅक्सनीतला_सातारकर

तारांकन घालून आत्ताच बघितलं, यादी बरीच लांब आहे. नातू उतरवतोय. निशिगंधाताई, मूळ पान मिळालं की फोटो तुम्हाला व्यनि करतो. गावाचं नाव जर्मन आणि सोर्ब दोन्ही रूपांत लागेल का?

निशिगंधा_०७

दोन्ही पाठवा. त्या भागात रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा दोन्ही भाषांत असतात, वहीत कोणतं रूप असेल ते पाद्र्यावर. आणि पान एकटं नको, आधीचं आणि नंतरचंही हवं. त्याच हाताने लिहिलेले बाकीचे 'ई' बघितल्याशिवाय मी निकाल देणार नाही.